‘फिजिकल डॅमेज’ हा शब्द कंपनीकडून लेखी सिद्ध करून घ्या

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

मी कराडला राहते आणि घरूनच इंग्रजी-मराठी भाषांतराची कामे करते. गेल्या दसऱ्याला ६४,९९० रुपयांचा लॅपटॉप ऑनलाइन घेतला, क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत. तिसऱ्या महिन्यात स्क्रीन लुकलुकू लागली. कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलला. त्यात बारा दिवस गेले. पाचव्या महिन्यात पुन्हा तेच झाले. या वेळी स्क्रीनची केबल बदलली, पण सुटा भाग उपलब्ध नसल्यामुळे एकोणतीस दिवस गेले. आता आठव्या महिन्यात झाकण उघडताना डाव्या बिजागरीपाशी कट्कन आवाज आला, मागचे कव्हर तडकले आणि स्क्रीन पुन्हा लुकलुकते आहे. सर्व्हिस सेंटर म्हणते की हे ‘फिजिकल डॅमेज’ आहे, वॉरंटीत बसत नाही, १८,४०० रुपये भरा. बदलून द्या म्हटले, तर ‘कंपनीची पॉलिसी फक्त दुरुस्तीची आहे’ असे उत्तर मिळते. वॉरंटीच्या कागदावर ‘कंपनीचा निर्णय अंतिम राहील’ आणि ‘सर्व वाद बंगळुरूच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात’ असे छापले आहे. ग्राहक सेवा क्रमांकावर दर वेळी नवी व्यक्ती येते आणि सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. लॅपटॉप एकदाही पडलेला नाही. उरलेले हप्ते थांबवावेत का? भाऊ म्हणतो, इथल्याच दुरुस्तीवाल्याकडून अडीच हजारांत करून घे आणि विषय संपव. परवा मी काउंटरवरच्या मुलावर फार ओरडले, त्याचेही वाईट वाटते आहे. खरेच काही करता येते का?
— एक वाचक, कराड

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

करता येते, आणि तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. मात्र पुढचे काही दिवस तीन गोष्टी करू नका: १८,४०० रुपये भरू नका, लॅपटॉप दुसऱ्या कोणाला उघडू देऊ नका आणि हप्ते थांबवू नका. आठ महिन्यांपैकी एक्केचाळीस दिवस ज्या यंत्राशिवाय काढावे लागले, त्याच यंत्रासाठी आता पुन्हा पैसे मागितले जात आहेत, यावर संताप येणे अगदी रास्त आहे. पण हा वाद काउंटरवर किंवा फोनवर सुटणारा नाही, कारण तिथे बोललेल्या शब्दांची कुठेही नोंद राहत नाही. ‘फिजिकल डॅमेज’ हे दोन शब्द आज तुमच्या वाटेत उभे आहेत आणि ते तुम्हाला तोंडी सांगितले गेले आहेत. ते शब्द कारणांसह कागदावर यावेत, एवढ्यासाठीच पहिली सगळी धडपड करायची आहे.

आधी बिजागरीकडे पाहू, कारण तुमच्या तक्रारीचे मर्म तिथेच आहे. लॅपटॉपचे झाकण आपण ज्या कोनात ठेवू त्या कोनात राहते, याचे कारण बिजागरीत मुद्दाम ठेवलेले घर्षण होय. बिजागरी धातूची असते, पण ती ज्या कव्हरला स्क्रूने बसवलेली असते ते बऱ्याच मॉडेलांत प्लास्टिकचे असते. त्या प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांमध्ये पितळेच्या आट्यांच्या नळ्या दाबून बसवलेल्या असतात आणि स्क्रू त्या नळ्यांत फिरतो. बिजागरी प्रमाणापेक्षा घट्ट असेल, किंवा तिच्यातले वंगण सुकून ती हळूहळू जड होत गेली असेल, तर झाकण उघडताना लागणारा सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो. खुंट्या आतल्या आत तडकतात, पितळेच्या नळ्या उपटून येतात आणि मग एके दिवशी नेहमीप्रमाणे झाकण उघडताना कट्कन आवाज होऊन कव्हर फाकते. ज्याच्या हातात त्या क्षणी लॅपटॉप असतो त्याला वाटते, आपल्याच हातून मोडला. प्रत्यक्षात मोडण्याची क्रिया अनेक आठवडे आत चाललेली असते.

आता तुमच्या पहिल्या दोन दुरुस्त्या याच्या शेजारी ठेवून पाहा. स्क्रीनला चित्र पुरवणारी बारीक केबल बहुतेक लॅपटॉपांत बिजागरीच्या अगदी जवळून, कित्येकदा तिच्या पोटातूनच वर जाते. बिजागरी जागची हलू लागली की झाकणाच्या प्रत्येक उघडझापीत ती केबल ओढली जाते किंवा चिमटली जाते, आणि स्क्रीन लुकलुकते. तिसऱ्या महिन्यात मदरबोर्ड बदलूनही लुकलुकणे परत आले, पाचव्या महिन्यात केबल बदलूनही परत आले, आणि आठव्या महिन्यात डावी बिजागरीच निखळली. हे तीन वेगवेगळे बिघाड नसून एकाच दोषाच्या तीन पायऱ्या असण्याची शक्यता मोठी आहे. यंत्र समोर नसताना मी ते ठामपणे म्हणू शकत नाही, पण कंपनीला विचारण्यासारखा हा सर्वांत नेमका प्रश्न आहे: दोनदा लॅपटॉप उघडला गेला, तेव्हा तुमच्या तंत्रज्ञाने बिजागरी तपासली होती का, आणि तपासली असेल तर जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदपत्रकावर, काय लिहिले? दुसऱ्या दुरुस्तीत केबल बदलायची म्हणजे झाकणाची चौकट काढावीच लागली असणार. त्या वेळी खुंट्या शाबूत होत्या, तर मग त्यांतले स्क्रू पुन्हा नीट आवळले गेले का, हाही प्रश्न उरतो.

पडल्यामुळे झालेली मोडतोड वेगळी दिसते. लॅपटॉप पडला की सहसा एखाद्या कोपऱ्यावर आघात होतो. तिथे खरचटलेले, चेपलेले किंवा ठेचलेले दिसते आणि तडा त्या जागेपासून निघून आत जातो. बिजागरीच्या ताणामुळे आलेला तडा आतून, बिजागरीच्या जागेपासून सुरू होतो आणि कोपरे व कडा स्वच्छ राहतात. म्हणून आजच, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, चारही कोपऱ्यांचे, चारही कडांचे, वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाचे आणि तडकलेल्या जागेचे जवळून फोटो काढा. खालच्या बाजूला असलेला सीरियल नंबर एका फोटोत स्पष्ट आला पाहिजे. एक छोटा व्हिडिओही घ्या: झाकण जेमतेम थोडे हलवले की स्क्रीन कशी लुकलुकते ते त्यात दिसू द्या, पण त्यासाठी झाकण पुन्हापुन्हा उघडू नका, नाहीतर तडा वाढेल आणि तो वाढलेला तडाही तुमच्याच नावावर लावला जाईल.

आता कंपनीच्या ‘पॉलिसी’बद्दल. वॉरंटीच्या कागदात कंपनी स्वतःहून काय करण्याचे वचन देते ते लिहिलेले असते. कायदा तुम्हाला काय देतो ते त्या कागदावर अवलंबून नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे आणि ती रुंद आहे. वस्तूच्या दर्जात किंवा प्रमाणकात असलेली कोणतीही उणीव, मग ते प्रमाणक कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने ठरलेले असो, तिच्यात येते. कलम ३९ प्रमाणे ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, त्याच वर्णनाची नवी निर्दोष वस्तू देण्याचा, किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो, आणि त्याशिवाय नुकसानभरपाईही देऊ शकतो. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास ठरलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत, नकार देणे हे कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदवलेले आहे. ‘आमची पॉलिसी फक्त दुरुस्तीची’ हे वाक्य आयोगाला बांधून ठेवत नाही.

तरीही एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकू दिला नाही, कारण वॉरंटीच्या अटीप्रमाणे कंपनीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची होती. कंपन्यांचे वकील हा निकाल आवर्जून पुढे करतात. त्यावर तुमचे उत्तर असे की, दोष एखाद्या सुट्या भागापुरता होता असे म्हणावे, तर कंपनीने दोनदा भाग बदलले आणि दोन्ही वेळा दोष परत आला; म्हणजे दुरुस्तीची संधी कंपनीला पुरेपूर मिळाली आणि ती वाया गेली. म्हणून मागणी करताना एकच मागणी करू नका. पहिली मागणी किंमत परत मिळण्याची किंवा नव्या लॅपटॉपची असावी, आणि ती मान्य न झाल्यास पर्यायी मागणी अशी असावी की बिजागरी, मागचे कव्हर, स्क्रीन आणि केबल विनामूल्य बदलून द्यावी, बदललेल्या भागांसह संपूर्ण यंत्राची वॉरंटी वाढवून द्यावी आणि वाया गेलेल्या दिवसांची भरपाई द्यावी. दोन्ही मागण्या एकाच अर्जात मांडता येतात.

तुम्ही लॅपटॉपवर भाषांतराची कामे करता, म्हणून कंपनी आणखी एक आक्षेप काढण्याची दाट शक्यता आहे. वस्तू व्यापारी हेतूने घेतली असेल तर घेणारा कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही, हे खरे आहे. पण कलम २(७) च्या स्पष्टीकरणात, स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच जी वस्तू माणूस स्वतः वापरतो ती या अपवादातून बाहेर काढलेली आहे. तुमच्या व्यवसायाला अगदी जवळचे उदाहरण खुद्द सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात घेतले होते: दुसऱ्यांची कामे टंकून देण्यासाठी टाइपरायटर घेणारा. तो वापर व्यापारी म्हणता येईल, पण तो माणूस स्वतःच ते यंत्र चालवून त्यावर पोट भरत असेल तर तो ग्राहकच राहतो, असा त्या निकालाचा आशय आहे. टाइपरायटरच्या जागी लॅपटॉप ठेवला की तुमचेच प्रकरण झाले. बिल तुमच्या वैयक्तिक नावावर आहे की एखाद्या फर्मच्या जीएसटी क्रमांकावर, ते मात्र आत्ताच पाहून ठेवा; वैयक्तिक नावावर असेल तर हा आक्षेप फार काळ टिकणार नाही. तक्रारीत स्पष्ट लिहा की हे यंत्र तुम्ही एकट्याच वापरता आणि त्यावरच तुमची उपजीविका चालते.

बंगळुरूची अट तुम्हाला घाबरवण्यापुरतीच आहे. २०१९ च्या कायद्याने पूर्वीच्या १९८६ च्या कायद्यात नसलेली एक फार मोठी सोय दिली: कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. तुमच्यासाठी तो साताऱ्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ग्राहक कायद्याचा उपाय इतर कायद्यांच्या जोडीने मिळणारा आहे, तो करारातल्या कलमाने काढून घेता येत नाही. लवादाच्या, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याच्या, अटीबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात हे स्पष्टच केले. ‘कंपनीचा निर्णय अंतिम राहील’ ही ओळही अशीच आहे. स्वतःच्या वस्तूतल्या दोषाचा स्वतःच अंतिम निवाडा करण्याचा अधिकार कोणालाही छापील कागदावरून मिळत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल पत्ता असतो. त्यावर आणि सर्व्हिस सेंटरच्या पत्त्यावर एकाच वेळी ई-मेल पाठवा. ज्या ऑनलाइन बाजारातून लॅपटॉप घेतला त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यालाही तोच मजकूर पाठवा, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. मजकूर लांबवू नका आणि त्यात रागही येऊ देऊ नका. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, सीरियल नंबर, मग तिन्ही बिघाडांच्या तारखा, प्रत्येक जॉबशीटचा क्रमांक, यंत्र किती दिवस सेंटरमध्ये होते ते, आणि शेवटी प्रश्न. तो प्रश्न साधारण असा मांडा: “सध्याचा बिघाड वॉरंटीबाहेर आहे असे मला तोंडी सांगण्यात आले आहे. हा निष्कर्ष कोणत्या तपासणीवरून काढला, ती तपासणी कोणी व कोणत्या तारखेला केली, आघाताच्या खुणा यंत्रावर नेमक्या कोठे आढळल्या आणि त्यांचे कोणते फोटो घेतले, हे मला लेखी कळवावे. आधीच्या दोन दुरुस्त्यांच्या वेळी बिजागरीची स्थिती काय नोंदवली होती, तेही कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आघाताचा कोणताही पुरावा आपल्याकडे नाही असे मी समजेन आणि ग्राहक आयोगाकडे जाईन.” तुम्ही भाषांतरकार आहात, हे इंग्रजीत माझ्यापेक्षा चांगले लिहाल, आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयासाठी ते इंग्रजीत जाणेच सोयीचे आहे.

या ई-मेलचा आणखी एक उपयोग आहे. तुमची एक वर्षाची वॉरंटी संपायला साधारण चार महिने आहेत. बिघाड वॉरंटीच्या मुदतीत झाला आणि मुदतीतच कळवला, याची तारीख या ई-मेलने पक्की होते. दुरुस्तीसाठी यंत्र अडकून पडले म्हणून वॉरंटी आपोआप पुढे सरकत नाही, हे बहुतेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते, आणि चर्चेचा घोळ घालत मुदत उलटून गेल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. आजवर झालेल्या फोनसंभाषणांच्या तारखा आणि टिकिट नंबरही आठवतील तेवढे एका कागदावर उतरवून ठेवा. दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावे लागते, असे तुम्ही लिहिले आहे. यापुढे फोन करण्याऐवजी त्याच ई-मेलच्या साखळीत लिहीत जा, म्हणजे सगळा इतिहास वाचण्याची जबाबदारी त्यांच्यावर येईल.

लॅपटॉप पुन्हा सेंटरमध्ये द्यावा लागलाच, तर देताना जॉबशीटवर त्याची बाह्य स्थिती तुमच्यासमोर लिहून घ्या: कोपरे शाबूत, खरचटा नाही, डाव्या बिजागरीपाशी तडा. ‘कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज’ (ग्राहकाच्या हातून झालेले नुकसान) किंवा तत्सम शब्द आधीच छापलेले असतील, तर सही करण्यापूर्वी त्याखाली ‘मला मान्य नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा आणि मगच सही करा. जॉबशीटचा फोटो काढल्याशिवाय काउंटर सोडू नका. तुमच्या कामाच्या फायली, शब्दसंग्रह आणि अनुवादस्मृती (आधी केलेल्या भाषांतरांचा साठा) यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि डिस्कवरच्या फायली कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर त्याची अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. मदरबोर्ड बदलला गेला की यंत्र ती की मागते आणि ती नसेल तर स्वतःच्याच फायली स्वतःला उघडता येत नाहीत. पासवर्ड मागितला तर तुमचा देऊ नका, चाचणीपुरते वेगळे खाते तयार करून द्या.

तुमच्या भावाचा सल्ला वाईट हेतूचा नाही, आणि कराडच्या त्या दुरुस्तीवाल्याचे काम कंपनीच्या सेंटरपेक्षा सरस असण्याचीही शक्यता आहे. वॉरंटी संपलेला जुना लॅपटॉप असता तर मी तुम्हाला त्याच्याकडेच पाठवले असते. पण आज त्याने यंत्र उघडून तुटलेल्या खुंट्या चिकटवल्या, तर दोष कोठून सुरू झाला याचा एकमेव साक्षीदार नाहीसा होईल आणि कंपनीच्या हातात आयते कारण पडेल. त्याच्याकडे जाच, पण यंत्र न उघडता बाहेरून पाहून तो काय म्हणतो ते त्याच्या दुकानाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. असे मत निर्णायक ठरत नाही, तरी कंपनीच्या तोंडी मतासमोर ते लेखी मत म्हणून उभे राहते. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना मिळालीच पाहिजे असे बंधन घालणारा कायदा मात्र अजून झालेला नाही, आणि हे मला मनापासून खटकते. एकोणतीस दिवस तुमचे यंत्र एका केबलसाठी पडून राहिले. ती केबल कराडच्या कारागिराला मूळ कंपनीकडून विकत मिळाली असती, तर ते काम एका दिवसाचे होते.

हप्त्यांविषयी: तुमचा हप्त्यांचा करार बँकेशी आहे आणि तो लॅपटॉपच्या दोषाशी बांधलेला नाही. हप्ता चुकला तर दंड आणि व्याज लागेल, तुमच्या पतनोंदीवर डाग पडेल, आणि कंपनीला त्याची झळही लागणार नाही. उरलेले हप्ते वेळेवर भरा. भरलेली प्रत्येक रक्कम तुमच्या मागणीत मोजली जाईल.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण तिच्याकडून गेलेली तक्रार बऱ्याच मोठ्या कंपन्यांत काउंटरच्या वरच्या पातळीवर पोहोचते, आणि निम्मे काम तिथेच होऊन जाते असा माझा अनुभव आहे. शिवाय अशा नोंदी साचत जातात. एखाद्या मॉडेलमध्ये रचनेचाच दोष असेल, तर तो एकेकट्या ग्राहकाला कधीच दिसत नाही. अॅपलच्या मॅकबुकचा ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड हे त्याचे ठळक उदाहरण आहे: २०१५ पासूनच्या यंत्रांत कळा अडकण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या, जून २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात पाच कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्या तक्रारी नोंदवल्या गेल्या होत्या, म्हणूनच ते घडले. तुमच्याच मॉडेलची बिजागरी आणखी कोणाची तुटली असेल, तर त्यांची नोंद आणि तुमची नोंद एकमेकींना आधार देतील.

त्यानंतरची पायरी साताऱ्याच्या आयोगाची. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणीची विनंतीही करता येते. उत्पादक, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवसांत, त्यांनी उत्तर दिले पाहिजे. ही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग यंत्र योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क आधी तुम्हाला भरावे लागते. कायद्यात तपासणी असल्यास पाच महिन्यांत आणि नसल्यास तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, ही तयारी मनात ठेवा. तोपर्यंत कामासाठी जुना लॅपटॉप भाड्याने घ्यावा लागला, तर त्याच्या पावत्या जपा. मानसिक त्रासासाठी लाखोंचा आकडा लिहिण्यापेक्षा अशा पावत्यांचा आयोगावर अधिक परिणाम होतो.

पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेली ग्राहक पंचायतीची चळवळ आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली आहे. तक्रारअर्ज तपासून द्यायला तिचे कार्यकर्ते मदत करतात. सातारा जिल्ह्यातल्या शाखेची चौकशी करा आणि अर्ज दाखल करण्यापूर्वी त्यांना एकदा दाखवा.

काउंटरवरच्या त्या मुलाविषयी तुम्ही आवर्जून लिहिले, ते मला आवडले. वॉरंटीत काय बसते हे ठरवण्याची मुभा सहसा अशा मुलांना नसते. ते फोटो वर पाठवतात आणि वरून आलेले उत्तर वाचून दाखवतात. पुढच्या वेळी गेलात तर झाल्या गोष्टीबद्दल त्याच्याशी दोन शब्द बोला, आणि त्याने वर पाठवलेले फोटो व आलेले उत्तर यांची प्रत मागा. ते फोटो तुमच्या यंत्राचे आहेत. त्यात आघाताची खूण दिसत नसेल, तर तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा आधीच कंपनीच्या संगणकात आहे.

येत्या सोमवारपर्यंत ई-मेल पाठवा. कंपनीचे लेखी उत्तर आले की ते, दोन्ही जॉबशीटच्या प्रतींसह, मला पाठवा. त्यातले शब्द पाहून आयोगाकडचा अर्ज कसा बांधायचा ते मी याच सदरात लिहीन.